बहगतचा नंबर

"पेपरावर पहिलं नाव तुझं घालू," डॉ. वगदी म्हणाले आणि चहाचा ग्लास माझ्या पुढ्यात सरकवला. साखर त्यांनी स्वतः ढवळली होती. आमच्या विभागप्रमुखांनी स्वतः साखर ढवळली की समजायचं, आता काहीतरी गळी उतरवणार.

बहगतला जाऊन चाळीस दिवस झाले होते, चाळिसाव्याची प्रार्थना नुकतीच उरकली होती. बहगत म्हणजे माझा नवरा. आम्ही दोघंही इथेच, पशुवैद्यकीय कॉलेजात, माशांच्या रोगांच्या विभागात. पहाटे तळ्यावरून पाण्याच्या बाटल्या घेऊन परत येताना कालव्याच्या रस्त्यावर एका मायक्रोबसने त्याला उडवलं. बाटल्या फुटल्या नाहीत. पोलिसांनी त्या मला पिशवीत घालून दिल्या, भाजी द्यावी तशा.

"माझं नाव कशाला?" मी म्हटलं. "काम त्याचं आहे."

"होतं," वगदी म्हणाले. "अल्ला त्याच्यावर दया करो. होतं. पण मेलेल्या माणसाचं नाव घालून कोणाचं भलं होणार आहे, दुक्तूरा? त्याला काय आता बढती घ्यायचीय? तुला घ्यायचीय."

दुक्तूरा म्हणजे डॉक्टरीणबाई. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चहा प्यायले. चहा चांगला होता.

आमच्या विभागाची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे बायकांची पैशांची भिशी असते, तशी विभागात नावांची भिशी आहे. पेपर कोणीही लिहो, त्यावर नावं सगळ्यांची जातात, आणि पहिलं नाव कोणाचं ते नंबराने ठरतं. बढतीच्या कमिटीपुढे पहिल्या नावाला वजन, बाकीची नावं म्हणजे भातात मीठ. ज्याचा नंबर असेल त्याने पहिलं नाव उचलायचं, मग काम दुसऱ्याचं का असेना. कोणी भांडत नाही, कारण आज ना उद्या आपलाही नंबर येतोच. बाहेरच्यांना हे चोरीसारखं वाटेल. आम्हाला वाटत नाही. आम्ही याला बंधुभाव म्हणतो.

भिशीत हुशार लोक एक करतात. चांगलं काम दाबून ठेवतात आणि आपला नंबर आला की बाहेर काढतात. दुसऱ्याच्या नंबराला द्यायचं ते आपलं असंच, पाणचट. डॉ. सरवत यात पटाईत. बहगतला हे कधी जमलं नाही. हाताला काही लागलं की दुसऱ्या दिवशी टेबलावर. त्याच्या कामावर वगदी मोठे झाले, सरवत मोठा झाला, इब्तिहाल रीडर झाली. मी घरी कपाळ बडवायची. तो म्हणायचा, "अगं, मासा मरायचा थांबला की झालं. नावाचं काय लोणचं घालायचंय?"

पण नाईलच्या बुलती माशाचं काम निघालं तेव्हा तो गप्प बसला. उन्हाळ्यात तळीच्या तळी बुलती मरून पालथी पडतात. सगळे एका जंतूच्या मागे लागले होते. बहगतने दाखवून दिलं की जंतू नंतर येतो. तळ्यात कोंबडीखत टाकलं की पहाटे पहाटे पाण्यातली हवा संपते, मासा अर्धमेला होतो आणि मग जंतू त्याचा फडशा पाडतो. खत थांबवा, पहाटे पाणी खेळवा, मासा जगतो. पेपर पुरा लिहून झाला आणि त्याने तो विभागातल्या आपल्या कॉम्प्युटरात ठेवून दिला. मी विचारलं, पाठवत का नाहीस? तर कान लाल करून म्हणाला, "पुढच्या वसंतात माझा नंबर आहे." आयुष्यात एवढी एकच हुशारी केली त्याने. वसंत आला, तो नव्हता.

"आणि हे बघ," वगदी म्हणाले, "त्याचं नाव ठेवायचं म्हटलं तर सहा नावं होतात. पाचाच्या वर एक जरी गेलं तरी सगळ्यांचे बढतीचे मार्क घसरतात. तुला नियम माहीत आहे."

"सहावं कोण?"

"शिहाब."

शिहाब हा डीनचा भाचा. बहगतच्या जागेवर घेतला होता. जिवंत मासा त्याने ताटाबाहेर पाहिला असेल की नाही, शंकाच आहे. मेलेल्याची खुर्ची जिवंताला दिली, तिथवर मी समजू शकते. पण शेवटचा पेपरही?

"शिवाय," वगदींनी आवाज खाली आणला, "जर्नलवाले प्रत्येक लेखकाची संमती मागतात. मेलेला माणूस संमती कुठून देणार? नियमातच बसत नाही. तेव्हा त्याचा नंबर तुला. भिशीत माणूस गेला तर घरच्यांना मिळते की नाही? तसंच. फक्त ते पाण्याचे आकडे घेऊन ये, त्याच्या लॅपटॉपमधले."

म्हणजे हे होतं. आकडे माझ्या घरी होते. साखर उगीच ढवळली नव्हती.

मला मोह पडला नाही असं नाही. मी काही वरून उतरलेली नाही. किती वर्षं लेक्चररच्या खुर्चीत बसून तिचा स्पंज गेलाय. पहिल्या नावाचा एक वजनदार पेपर मिळाला की मी सुटले, आणि तो हातात आयता येत होता. इब्तिहालने तर मला जिन्यात गाठलं. ती माझी मैत्रीण, कॉलेजातल्या बायकांची पैशांची भिशी तीच चालवते.

"घे, वेडे," ती म्हणाली. "तो असता तर त्यानेच तुला दिलं असतं."

"दिलं असतं. पण त्याने द्यायचं ना? हे वगदी देतायत."

"शब्दांचे खेळ नको करूस. तू नाही म्हणालीस तर नंबर सरवतला जाईल. तो प्रोफेसर व्हायला टपून बसलाय. तुला तेच हवंय?"

सरवत त्या दिवसांत माझ्याशी फार गोड वागत होता. "वहिनी, मन मानत नसेल तर घेऊ नका," म्हणायचा. "मनावर ओझं ठेवून काही करू नये." माझ्या मनाची एवढी काळजी माझ्या आईने केली नाही.

शुक्रवारी सासऱ्यांकडे जेवायला गेले; हजला जाऊन आले म्हणून त्यांना सगळे हाज म्हणतात. हाज मितवल्लींची गावाबाहेर तळी आहेत. बहगतचं काम सुरू झालं ते तिथेच, यांचे मासे मेले त्या उन्हाळ्यात. चुलीवर भाजलेली बुलती, भात, जिरजिरची कच्ची, तिखट पानं. हाजने माझ्यासाठी काटे काढून तुकडे ताटात ठेवले. पूर्वी ते बहगतच्या ताटात ठेवायचे.

"पोरी, त्याचं ते छापून येणार होतं, आलं का गं?"

"येईल."

"नाव असेल ना त्याचं?"

"मग कोणाचं असणार?" मी म्हटलं, आणि घास तसाच तोंडात राहिला.

आमच्या गावात माणसाला मुलाच्या नावाने हाक मारतात, अमक्याचा बाप म्हणून. आम्हाला मूल नाही. पोरं बहगतला चिडवून बुलतीचा बाप म्हणायची. तो हसून ओ द्यायचा. हाजला मात्र ते लागायचं. त्यांना आता फक्त हे छापून यायला हवं होतं. मुलाचं नाव कुठेतरी उरावं, एवढंच. आणि मी त्याच नावावर माझं नाव चिकटवायला निघाले होते. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मला माझीच शिसारी आली.

मग मी जर्नलच्या ऑफिसला सरळ विचारलं. लेखक वारला असेल तर नाव घालता येतं का? दोन ओळींचं उत्तर आलं. येतं. संमती घरच्यांनी द्यायची, आणि आम्ही नावापुढे वारल्याची खूण करतो. खूणही पाठवली होती. बघते तर चक्क क्रूस. हाज मितवल्लींच्या मुलाच्या नावापुढे क्रूस. दुःखातही मला हसू फुटलं. बहगत असता तर हसून हसून खाली बसला असता. मी कळवलं की बाबांनो, खूण नको, तळाशी एक ओळ लिहा. ते हो म्हणाले.

म्हणजे वगदी नियम म्हणून जे सांगत होते ती धडधडीत थाप होती.

बैठक वगदींच्या खोलीत झाली. वगदी, सरवत, इब्तिहाल, तो शिहाब आणि मी. शिहाबने तीळ लावलेली बिस्किटं आणली होती, बिचाऱ्याला वाटलं काहीतरी साजरं करायचंय.

"मग, दुक्तूरा," वगदी म्हणाले, "आकडे आणलेस?"

"आणलेत. आधी एक विचारायचंय. तुम्ही म्हणालात, भिशीत माणूस गेला तर त्याचा नंबर घरच्यांना. बरोबर?"

"बरोबर."

"इब्तिहाल, तू भिशी चालवतेस. तुझ्या भिशीतली ती नर्स वारली, तेव्हा तिचे पैसे कोणाला दिलेस?"

"तिच्या मुलीला," इब्तिहाल म्हणाली. तिला अजून वास आला नव्हता.

"मुलीने त्याचं काय केलं?"

"काय केलं म्हणजे? आईच्या कबरीवर खर्च केले. मी म्हटलंही, अगं फ्रिज घे. पण तिचे पैसे, तिची मर्जी."

"तसंच माझं," मी म्हटलं. "नंबर माझा. मी घेतला. आता तो मी बहगतला देते. पहिलं नाव त्याचं."

शिहाबने बिस्किट चावलं त्याचा आवाज आला. मी जर्नलचं उत्तर टेबलावर ठेवलं. वगदींनी ते वाचलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"क्रूस?" सरवत कागदावर वाकून म्हणाला. त्याचा गोडवा पार उतरला होता. "मुसलमानाच्या नावापुढे क्रूस लावणार? वहिनी, लोक काय म्हणतील?"

"तो काढायला लावलाय. लोकांचं तू बघू नकोस."

"आणि सहा नावांचं काय? तुमच्या हट्टापायी आमचे सगळ्यांचे मार्क जायचे? मी किती वर्षं थांबलोय ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे. दोनदा बहगतच्या कामावर पुढे गेलास, तेव्हा थांबायला लागलं नाही. पण घाबरू नकोस, पाचच राहतील. माझं काढा."

इब्तिहालने माझा हात दाबला, चांगला चिमटा काढल्यासारखा. "काय बोलतेस कळतंय का? एवढ्या वर्षांत तुझ्या हाताला लागलेली एकच गोष्ट."

"कळतंय. आकडे देणारीही मीच आहे. असं होणार असेल तर देते. नाहीतर लॅपटॉप कालव्यात."

खरं सांगते, लॅपटॉप मी कालव्यात टाकला नसता. त्याच्या बटणांत बहगतच्या बिस्किटांचा चुरा अजून आहे. पण त्यांना ते कुठे माहीत होतं?

वगदी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "भावनेच्या भरात माणूस आपलं नुकसान करून घेतो," ते म्हणाले. "इब्तिहाल, तूच सांग हिला."

इब्तिहाल खाली बघत होती. मला वाटलं, आता ही फिरणार. ती म्हणाली, "हिचं बरोबर आहे. नंबर हिचा आहे, तर मर्जी हिची. मी दुसरं काही सांगितलं तर माझ्या भिशीत उद्या एक बाई राहायची नाही."

झालं ते असं. पहिलं नाव बहगत, मग वगदी, सरवत, इब्तिहाल, आणि शेपटाला शिहाब. जाताना वगदी दारात म्हणाले, अगदी शांतपणे, "नंबर उचलून बाहेर दिलास, दुक्तूरा. चालेल. पण भिशीतला पैसा भिशीत राहायला हवा. आता तुझं तू बघ." म्हणजे यापुढे कोणाच्या पेपरावर माझं नाव नाही. एकटीने काम करायचं, एकटीने लिहायचं. लॅबमधल्या मशीनची किल्ली मागितली तर ती नेमकी सरवतच्या खिशात, आणि सरवत नेमका मीटिंगमध्ये. शिहाब तेवढा मला पाहून उभा राहतो. त्याला कोणी सांगितलं नसावं अजून.

पेपर उन्हाळ्यात छापून आला. मी रंगीत प्रत काढून हाजकडे नेली. अक्षरं परकी, म्हणून मी बोट ठेवून दाखवलं. "हे बहगत. हे मितवल्ली, तुमचं."

"पहिलंच?"

"पहिलंच."

त्यांनी पुढच्या नावांवर एकेक बोट ठेवून कोण, कोण, असं विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, "आणि तुझं कुठाय?"

"माझं काय काम तिथे? मी कुठे तळ्यात उतरले?"

प्रत त्यांनी खाद्याच्या पोत्यांच्या खोलीत भिंतीला लावली, कारण गिऱ्हाईक तिथे येतं. येणाऱ्या प्रत्येकाला बोट ठेवून दाखवतात. तिथे ओल फार. कडा आत्ताच पिवळ्या पडल्यात.

बहगतचा फोन मी चार्ज करून ठेवते. का, ते विचारू नका. गेल्या आठवड्यात त्यावर एक मेल आली. बांगलादेशातल्या कोणी ताहेरा म्हणून बाई आहेत, त्यांच्याकडेही तळी, त्यांच्याकडेही तेच मरण. पेपर वाचून त्यांनी आधी वगदींना आणि सरवतला विचारलं होतं. सरवतचं उत्तर त्यांनी खालीच जोडलं होतं. एकच ओळ. "कामाबद्दलच्या सर्व प्रश्नांची उत्तरं पहिले लेखक डॉ. बहगत देतील." आणि बहगतचा मेलचा पत्ता.

मी ते पुन्हा वाचलं. रागाने लिहिलं असेल का त्याने? नसेलही. आमच्याकडे रीतच आहे, पहिलं नाव ज्याचं, प्रश्न त्याला. सवयीने लिहून टाकलं असेल आणि मान वर न करता चहा मागवला असेल. तळाशी वारल्याची ओळ होती, पण बारीक अक्षरांत. ती बाईंनी वाचली नव्हती, आणि पाचांतल्या चार जिवंतांपैकी कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

बाईंचे प्रश्न सरळ होते. पाणी वरचं घेतलं की तळाचं? चार तळ्यांतलं एक का सोडलं? मी उत्तर लिहायला बसले आणि माझ्या लक्षात आलं की मला येतंय. तळाचं. कारण त्याचे कपडे छातीपर्यंत चिखलाने भरलेले यायचे आणि मी धुताना त्याचा उद्धार करायची. आणि चौथं तळं सोडलं, कारण शेजाऱ्याची म्हैस पहाटे त्यात जाऊन बसायची. त्या म्हशीबद्दल तो न्याहरीला अर्धा अर्धा तास बोलायचा. मी म्हणायची, वालाची उसळ थंड झाली, म्हैस पुरे. हे सगळं मी लिहिलं, म्हैससुद्धा.

शेवटचा प्रश्न होता, यापुढे तुम्ही काय बघायचं ठरवलं आहे? आम्हालाही त्यात घ्याल का?

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी तो सांगत होता. पेपर मिटलाय, आता खरी गंमत पुढेच आहे, असं म्हणून मुलुखियाच्या पातळ भाजीच्या वाडग्याशेजारी चमच्याने काहीतरी काढायला लागला, तळं, त्यात एक रेघ, रेघेला फाटा. मी म्हटलं, आधी जेव, गार होतंय, उद्या सांग. तो जेवला. पहाटे उठून गेला तेव्हा मी झोपेत होते.

फाटा कुठल्या बाजूला होता, तेही मला आठवत नाही. वगदींना विचारलं, सरवतला विचारलं. गेले मी, मान घालून, दोघांच्या दारात. कोणालाच माहीत नव्हतं. पेपरावर नाव असलेल्यांपैकी कोणालाही नाही.

मी ताहेराबाईंना लिहिलं की डॉ. बहगत वारले, वर दिलेली उत्तरं त्यांचीच आहेत, आणि पुढचं त्यांनी मला सांगितलं नाही. खाली सही करायची होती. लेखकांत मी नव्हते, विभागात असून नसल्यासारखी होते. मी लिहिलं, सफिनाज, त्यांची बायको. मग ते पाठवून दिलं.